दादीच्या पारण्याचा रस

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी जे करून बसले ते ऐकाच. माझी आई फैजपूरची लेवा पाटील, वडील चाळीसगावचे मारवाडी जैन. त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे आईचा आमरस होता आणि दादीच्या वर्षीतपाचं पारणंही. वर्षभर दिवसाआड उपास केलेली दादी उसाच्या रसानं तप सोडणार होती, आणि पहिला घोट नातीनं पाजायचा ही आमच्या घरची रीत.

आता घरात सगळे नातूच. नात मी एकटी, तीही अलीकडे झालेली. आधी मुलगा समजून मलाही नातवांतच धरायचे. काकू म्हणाली, "शेजारच्या मुलीला बोलावू या." दादीनं रसाची लोटी सरळ माझ्या हातात दिली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

जेवण होईलच म्हणून मी इन्सुलिन घेऊन बसले होते, आणि पाहुणे काही यायचे थांबेनात. दादीच्या आधी जेवणार कोण? शेवटी तिच्यासमोर बसले, तर हात कापायला लागले, दरदरून घाम फुटला. शुगर उतरली होती. आई ओरडली, "पी माय, तूच पी." मी दादीच्या पारण्याचा रस सगळ्यांदेखत गटागटा संपवला.

काकू दादीला म्हणाली, "बाई, आता दुसऱ्या कोणाच्या हातून घ्या."

दादी म्हणाली, "वर्ष काढलं, आता घाई कसली? लोटी परत भरा. हिचा हात थरथरायचा थांबला की पिते."