नाकपट्टीचं सातवं भोक

नाही ताई, तेवढं सोडून बोला — खोगीर उसवलंय, शिवून देतो. रिकिबीचा पट्टा तुटलाय, बदलून देतो. पण नाकपट्टीला आणखी एक भोक पाडा म्हणाल तर हात जोडतो. कंपनीने सहा पाडलीत ना? घोड्याचं नाक काही महिन्यागणिक बारीक होत नाही. बसा, त्या स्टुलावर बसा — डगमगतं जरा, पण अजून कुणाला पाडलेलं नाही, तुमच्या घोड्यापेक्षा गुणी आहे. तोंड उघडतो म्हणता? उघडणारच. लगाम खुपला की सगळेच उघडतात. स्पर्धेत परीक्षक गुण कापतात म्हणून वरून पट्टी आवळायची — म्हणजे रडणाऱ्याच्या तोंडावर हात दाबायचा आणि म्हणायचं, बघा, किती शांत आहे.

मला हे कुणी शिकवलं? शाळा सातवीत सुटली, कातडं शिवायला बसलो तो बसलोच. घोडा शिकवला लेकीने — हो, भिंतीवरच्या फोटोतली, काळ्या घोड्यावरची, ती आमचीच. लोक विचारतात, कुठली शर्यत जिंकली? त्यांना म्हणतो, अहो, ड्रेसाजमध्ये पळायचं नसतं, तालात चालायचं असतं, जागच्या जागी पावलं उचलायची असतात — आणि स्वार काही करतोय हे दिसता कामा नये. तेच तर सगळं. दिसता कामा नये. लेक त्यात पटाईत. अकरा वर्षांत त्या काळ्या घोड्याला, काजळ्याला घेऊन देशाच्या संघापर्यंत पोचली. आणि निवड चाचणी आली की पट्टी घेऊन दुकानात हजर — बाबा, एकच भोक. मी म्हणायचो, अगं, पट्टीखाली दोन बोटं तरी जायला हवीत. ती म्हणायची, तुमची बोटंच जाडी आहेत. हसायचो आम्ही. हसत हसतच पाडलं, ताई, सातवं. मग आठवं.

मग काय — स्पर्धेत तपासनिसाने पट्टीखाली दोन बोटांच्या मापाची पाचर सरकवून पाहिली, गेलीच नाही. पट्टी सोडली तर खाली केस गेलेले, हाडावर खळगा, अंगठा बसेल एवढा. जीभ निळी. चौकशी बसली. मला बोलावलं, कारण माझ्या हातचं भोक किंचित लांबट पडतं, कुणीही ओळखेल. विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून पाडलंत? म्हणू शकलो असतो की — माझाच आगाऊपणा, तिला पत्ता नव्हता. ती समोरच बसली होती, माझ्याकडे बघत. मी म्हणालो, तिच्या.

खरं तेच बोललो. लोक म्हणाले, पोटच्या पोरीसाठीही खोटं बोलला नाही, बापमाणूस. मीही मान डोलावली. पण त्या खोलीत काजळ्याचं नाक माझ्या डोळ्यांपुढे नव्हतं हो — तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे — डोळ्यांपुढे होती ती दुकानाची पाटी. पस्तीस वर्षं राखलेलं नाव, तीन तबेल्यांची खोगिरं माझ्याकडे, आणि एकदा बोभाटा झाला की — असो. तिला दोन वर्षं बंदी, मला शाबासकी. त्याच आठवड्यात बॅग भरून गेली. दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर निदान मी काहीतरी बोललो असतो. सहा वर्षं झाली.

काजळ्या? आहे की. गावाबाहेरच्या कुरणात असतो, म्हातारा झालाय. दर रविवारी जातो मी. गाजर खातो माझ्या हातचं, पण हात नाकाकडे नेला की मान वर — माझ्या बोटांना चामड्याचा वास, तो कुठे जायला. लेकीला मात्र लावू देतो. राखणदार सांगतो, दर गुरुवारी चारच्या सुमारास येते, तास तास त्याचं नाक चोळत उभी असते, कुणाशी बोलत नाही. रविवारी मला आयाळ विंचरलेली दिसते. मीही वरून एकदा कंगवा फिरवतो. गरज नसते, तरी फिरवतो.

काय? गुरुवारी का नाही जात? — गुरुवारी दुकान असतं, ताई. गिऱ्हाईक येतं. आता हेच बघा, आज गुरुवारच आहे, मी नसतो तर तुम्ही हेलपाटा घालून परत गेला असता की — नाही, घड्याळ नका दाखवू मला. किती वाजलेत ते दिसतंय मला.

ही घ्या तुमची पट्टी. पलीकडच्या गल्लीत एक जण आहे, तो पाडून देईल, काही विचारत नाही. या आता. आणि दार ओढून घ्या जाताना.