पहिले पाच चिंचोके

न्हाय, पहिल्या बंधाऱ्याच्या वेळचे ते दुसरे साहेब होते. दोन हजार चोवीस साल, फाल्गुन, शिमगा होऊन आठ दिवस झालेले — पक्कं सांगतो. तुम्ही तेव्हा नव्हता म्हणून सांगतो, न्हायतर म्या कशाला तोंड उघडू. ते मडकं आधी बाजूला ठेवा. तोंडाला फडकं बांधून आणलंय, आत चिंचोके टाकायचे, कुणी कुणाचं बघायचं न्हाय — कळलं मला. शाळा न्हाय झाली, पण एवढं कळतं.

त्या साहेबानं ह्याच देवळापुढं चिखलाचं गाव करून घेतलं होतं, आमच्याच हातानं — माळ, ओढा, विहिरींच्या जागी कुंकू. बंधारा एक, जागा दोन. वरच्या अंगाला इरम्माच्या रानाजवळ, न्हायतर खाली माझ्या वळणावर. मग तांब्यानं पाणी ओतलं. वर बांध घातला तर दोघांचंही कुंकू भिजलं. खाली घातला तर माझंच. सगळ्यांनी बघितलं. म्या पण बघितलं — डोळे होते की. मग माणशी पाच चिंचोके दिले, म्हणाला, ज्याच्या त्याच्या मनानं टाका. पण आमच्यात जाणत्याच्या आधी कोण हात घालतंय? बलभीम म्हणाला, 'आप्पा, पहिला मान तुमचा.' टाकले. कुठं? — माझ्या वळणावर. पाचही. मागून सगळी रांग. साहेबानं शांतलिंगला विचारलं, अहो, तुमचं रान तर पलीकडं, तुम्हाला काय फायदा? तर म्हणतो, 'आप्पांच्या पुढं आमचं डोकं चालत न्हाय.' हसले सगळे. शेवटी इरम्मा उठली. तिनं पण माझ्याच ढिगावर टाकले.

कोण इरम्मा? धुळाप्पाची बायको. धुळाप्पा गेला. सोळा सालच्या उन्हाळ्यात माझी विहीर आटली, तवा अडीच महिने माझी बारा जनावरं त्याच्या विहिरीवर पाणी प्यायली. तो एकदा बोलला न्हाय. म्या पण न्हाय. — छे, वाईट वगैरे काही वाटत न्हाय मला. झोप येते, जेवण जातं. बंधारा झाल्यापासून माझ्या विहिरीला चैत्रापर्यंत पाणी असतं, तिची पौषातच कोरडी. दोन म्हशी विकल्या तिनं. औंदा पाणी न्हाय लागलं तर घराला कुलूप लावून मुरुमला लेकीकडं जाते म्हणती. काल सांगायला आली होती. म्या सुपारी कातरत बसलो. गेली.

म्हणून म्हणतो, मडकं नको. आज दुसरा बंधारा ठरायचाय, जागा चार. झाकून टाकलं की जो तो आपल्या रानाकडं टाकणार, इरम्माच्या वाट्याला तिचेच पाच आणि माझे पाच. त्यानं काय होतंय? मला सगळ्यांच्या देखत टाकायचंय, आणि पहिल्यांदा टाकायचंय. हे तुमच्या रीतीत बसत न्हाय, म्हायतंय. दोन वर्षांखाली पण बसत नव्हतं.

आली माणसं. सरका जरा, गुडघा वाकत न्हाय. — हे वर, इरम्माच्या रानाजवळ. तीन, चार, पाच. दिसलं का रे सगळ्यांना? बलभीम, ये. शांतलिंग, तू. एकेक या. — मोजा साहेब. — झालं? धुळाप्पाचं पाणी फिटलं.