मोठ्या गुरुजींचा कित्ता

दारुड्या माणसाची आठवण येते काय कोणाले? मले येते बे.

डोणगावजवळच्या एका खेड्यात मोठे गुरुजी अन् मी, दोघंच मास्तर. गुरुजी शाळेतच प्यायचे. शेवटी मीच वर तक्रार केली.

तेव्हा आपल्यावर मुंबईचं नाही, नागपूरचं सरकार होतं. चौकशीले शाळाखात्याचे डिप्टीसाहेब आले, पण त्यायचा कारकून तापानं पडलेला. साहेबानं इचारलं, "इथं अक्षर कोणाचं चांगलं आहे?"

मी म्हटलं, "गुरुजींचंच."

मंग काय, गुरुजी सोताचाच जबाब लिहायले बसले. साहेबाले दया आली. "लिहा, थोडी घेतली होती."

"थोडी नाही साहेब, भरपूर. एवढ्या चांगल्या अक्षरात खोटं काऊन लिहू?"

नोकरी गेली. गुरुजी गाव सोडून गेले, ते पुन्हा दिसलेच नाहीत.

इकडं पोरायचं अक्षर बिघडत चाललं. माह्या कित्त्यानं काही सुधरेना. शेवटी शाळेच्या कपाटातली, गुरुजींच्याच हातची त्या जबाबाची प्रत काढली अन् पोरायसमोर ठेवली. म्हटलं, गिरवा!

साऱ्या गावानं गिरवलं, 'मी शाळेत भरपूर दारू प्यालो.'

परवा एका जुन्या पोराचं पत्र आलं. मजकूर वाचलाच नाही मी. गुरुजींचं अक्षर पाहत बसलो.