रुख्मिणीच्या हातातला बेल

नाव दयाराम वामनराव शेळके, वय ५२ वर्षे, धंदा पिठाची गिरणी, रा. पिंपळवाडी (उंद्रीजवळ), ता. चिखली, जि. बुलढाणा.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील गावी पत्नी रुख्मिणी हिच्यासह राहतो. गिरणी घराला लागूनच आहे.

मागच्या सोमवारी दुपारी गावात भांडी विकणारा एक माणूस आला. त्याचे नाव उद्धव, रा. लोणार, असे नंतर समजले. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. हाच तो, असे कोणीतरी म्हणाले आणि लोक त्याला मारू लागले. तो जीव वाचवायला माझ्या गिरणीकडे पळत आला. तो आत येण्याआधीच मी शटर खाली ओढले. रुख्मिणी मागच्या दाराने बाहेर गेली आणि गर्दीत शिरून तिने त्याला पाणी पाजले. त्याचा पाय मोडला होता.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमले. कोणीच काही पाहिले नाही, असा बेलभंडार प्रत्येकाने उचलायचे ठरले. बेलाचे पान आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. मी उचलला. गाव करी ते राव न करी, एवढेच माझ्या डोक्यात होते.

रुख्मिणीने हात पदराखाली घेतले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तिचा हात ओढला, मूठ उघडली आणि पान त्यात ठेवले. ती सर्वांसमोर म्हणाली, "पान तुमी ठेवलं, बोल माहा नाही. मीनं त्याले पानी पाजलं. आता पाह्यलंच नाही, कशी म्हनू?" तिने पान परत ताटात ठेवले. दुसऱ्या दिवशी ती एकटी एसटीने इथे आली आणि जबाब देऊन गेली.

तेव्हापासून गिरणीवर दळण येत नाही. काल उपसरपंच दीपक घरी आला. तो म्हणाला, "ठाण्यात जाऊन इतकंच सांग, बायकोचं डोकं ठिकाणावर नाही. मंग तुह्यी गिरणी चालू." मी हो म्हणालो. आज त्याच्याच मोटारसायकलवर आलो. तो बाहेर चहाच्या टपरीवर बसला आहे.

साहेबांनी मला रुख्मिणीचा जबाब ऐकवला. त्यात मारणाऱ्यांची नावे आहेत. मी शटर ओढले हे त्यात नाही. मी तिचा हात ओढला हेही नाही. तिने माझे काहीच सांगितलेले नाही. मला लाज वाटते.

तिचे डोके ठिकाणावर आहे. मारणाऱ्यांत दीपक पुढे होता. मी शटर ओढण्याआधी त्याला उद्धववर काठी चालवताना पाहिले आहे.

ती गावाला का भ्याली नाही, असे साहेबांनी विचारले. मला माहीत नाही. तीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी विचारले नाही.

वरील मजकूर मी सांगितला तसाच लिहिला असून मला वाचून दाखवला. हात ओढल्याचे वाक्य आले तेव्हा साहेब थांबले आणि हे ठेवायचे का म्हणाले. ठेवा म्हणालो. सर्व खरे व बरोबर आहे.

सही
दयाराम वामनराव शेळके