इंजिनाचे बारा दसरे

रंगाचा डबा उघडला की मला अजून नारळाचा वास येतो. साठ-बासष्टची गोष्ट. कर्जतला आमची भातगिरणी होती. इंजिन जुनं विलायती, त्याची कंपनी कधीच बंद झालेली, आणि ऐन नव्या भाताच्या वेळेला ब्लॉक तडकला. खोपोलीच्या ओतकामाच्या भट्टीतले नामामिस्त्री बघून गेले. म्हणाले, "चीर मेणानं भरतो, ह्योच ब्लॉक वाळूत दाबून साचा घेतो, त्यात नवा वततो. परवा घेऊन या."

दर दसऱ्याला नारळ फोडून इंजिनाला हिरवा रंग द्यायचा, ही आबांची, म्हणजे वडलांची रीत. वीस वर्षांचे थर होते. असलं कळकट धूड लोकांच्या दारात कसं न्यायचं? मी आणि धाकट्या भावानं दिवसभर बसून सगळा रंग खरवडला.

मिस्त्रींनी पाहिलं आणि खालीच बसले. "रंग कुनी काडला रं?"

"आम्हीच. स्वच्छ नको का?"

"अरं, वतलेलं लोखंड थंड झालं का आकसतं. नवा ब्लॉक बारका येनार. त्या रंगाच्या जाडीवर तर मी हो म्हनलो हुतो."

मग काय, पुन्हा रंग. पण नारळाशिवाय आबा ब्रश लावू देईनात. रोज एक जाड हात, रोज एक नारळ, असे बारा दिवस.

नवा ब्लॉक मापात बसला. इंजिन पहिल्या हँडलला सुरू झालं. घरात महिनाभर खोबरं संपेना.

पुढच्या दसऱ्याला आबांनी ब्रश उचलला, तशी आई म्हणाली, "ठेवा तो खाली. हा दसरा वजा केला तरी त्याचे अजून अकरा दसरे जमा आहेत."