घरामागचं लांबडं

तुम्ही हसाल, पण इंग्रजीतल्या एका शब्दाने आमच्या अख्ख्या घराला खाटेवर चढवलं होतं. रत्नागिरीत तेव्हा टीव्ही नुकता आला होता. घरामागचा डोंगर बघायला एक इंजिनिअर साहेब आले आणि जाताना आबांना म्हणाले, "मागे क्रीप आहे. सांभाळून राहा."

कॉलेजात जाणाऱ्या ताईने अर्थ सांगितला, "क्रीप म्हणजे सरपटणं."

आईचा चेहराच उतरला. "म्हणजे लांबडं गो."

साप हा शब्द ती कधी तोंडातून काढत नसे. नाव घेतलं की तो येतो, म्हणायची. आबांनी मागच्या दारात रॉकेल शिंपडलं. आम्ही खाटेवर पाय घेऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला साहेब परत आले. आबा काठी घेऊन दारातच बसले होते.

"काठी कशाला?"

"लांबडं अजून दिसलं नाही, साहेब."

"अहो, क्रीप म्हणजे माती हळूहळू खाली सरकते. सरपटतोय तो डोंगर. तुमच्या घराकडे."

आबांनी काठी खाली ठेवली. देवापुढे दिवा लावता लावता आई म्हणाली, "साप असता तर बरं झालं असतं."