दगडूचा अंगठा

दगडूची नोकरी मीच घालवली, राव. ऐका.

तेव्हा पिंपरीत पहिलेच कारखाने उभे राहत होते. दगडू स्टेशनबाहेर झोपायचा. त्याच्या चोऱ्या, तुरुंग, उपास तो मला सांगायचा आणि मी ते त्याच्याच भाषेत आमच्या मासिकात लिहायचो. ते वाचून पुण्या-मुंबईची पोरं तसंच लिहायला लागली. नवं साहित्य म्हणे!

एकदा दगडू म्हणाला, "आता हिंडवत न्हाई. कारखान्यात वॉचमन घेत्यात. तुमी वळख द्या की."

त्याला घेऊन कारखान्यात गेलो आणि ओळख म्हणून मी शहाण्यानं तिथल्या साहेबापुढं मासिकच ठेवलं.

साहेब उठून उभाच राहिला. "म्हणजे ते दगडू तुम्हीच? अहो, पारायणं केलीत मी!" खुर्ची दिली, चहा पाजला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "पण याच्या चोऱ्या तर तुम्हीच छापल्यात. गेटवर कसा ठेवू?"

आणि त्यानं शाईचं पॅड दगडूपुढं सरकवून मासिक उघडलं. "इथं तेवढा अंगठा द्या. आठवण राहील."

दगडूनं अंगठा नीट दाबून उठवला, धोतराला पुसला आणि मला विचारलं, "मंग उद्यापास्नं किती वाजता येऊ?"